सहा टाक्यांचं एकच पाणी



दुपारची भांडी आवरून, पोराबाळांना निजवून तुम्ही रेडिओ लावला असेल. काही जणी गटाच्या बैठकीतच एकत्र बसून ऐकत असाल. आज आपण माशांबद्दल बोलू. बाजारातल्या बांगड्या-तारल्यांबद्दल नाही, काचेच्या टाकीत ठेवतात त्या रंगीत माशांबद्दल. आणि त्यातही एकाच कामाबद्दल. पाच-सहा टाक्या एकमेकींना जोडून त्या सगळ्यांचं पाणी गाळणारी एकच टाकी घरच्या घरी कशी बांधायची, ते सांगायचं आहे. दुकानदार तिला 'सम्प' म्हणतात. आमच्या गटात तिला सगळ्या 'खालची टाकी' म्हणतात, म्हणून आम्हीही तोच शब्द वापरतो.

आम्ही कुडाळ तालुक्यातल्या दहा जणी. बँकेचं कर्ज काढून आम्ही गप्पी, मोली, प्लॅटी हे मासे वाढवायला घेतले. हे मासे अंडी घालत नाहीत, थेट पिल्लं देतात, म्हणून नव्या माणसाला सोपे. सहा टाक्या घेतल्या, प्रत्येकीत हवेचा पंप आणि स्पंजची गाळणी. मासे वाढले, पिल्लं झाली, व्यापारी यायला लागला. अडचण आली ती पाण्याची.

कोकणात पाऊस धो धो पडतो हे खरं, पण एप्रिल-मे आला की विहिरीचा तळ दिसतो, हे इथल्या बाईला सांगायला नको. सुट्या सहा टाक्यांचं पाव पाणी आठवड्यातून दोनदा बदलायचं म्हणजे जवळजवळ 480 लिटर. पंधरा लिटरचा हंडा धरला तर 32 हंडे. ते कुणाच्या डोक्यावरून येणार? आपल्याच. वाडीतली एक आजी एकदा विहिरीवर म्हणाली, "माणसांक पाणी नाय, नि माशांक खंयसून हाडतलास?" तिचं बोलणं टोचलं, पण खोटं नव्हतं. आमच्यापुढे दोनच वाटा होत्या. धंदा बंद करून कर्ज मजुरीतून फेडायचं, नाहीतर कमी पाण्यात मासे निरोगी ठेवायचे. खालची टाकी बांधली ती यासाठी. आज तिच्यामुळे आठवड्याला 15 हंडे पुरतात. आणि तेही वाया जात नाहीत, ते पुढे सांगतो.

आधी हे समजून घेऊ की टाकीतलं पाणी खराब का होतं. मासे खातात, विष्ठा करतात, उरलेलं खाद्य तळाला कुजतं. त्यातून अमोनिया तयार होतो. गोठ्यात सकाळी शिरलं की नाकाला झोंबतो तोच हा वास. टाकीत तो आपल्याला कळतही नाही, पण माशांच्या कल्ल्यांना तो जाळतो. निसर्गाने यावर उपाय ठेवला आहे. डोळ्यांना न दिसणारे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारीच. नायट्रेट मात्र बरंच सौम्य असतं आणि झाडांना ते खत म्हणून चालतं. या जिवाणूंना दोन गोष्टी लागतात, चिकटून बसायला भरपूर जागा आणि श्वास घ्यायला प्राणवायू. खालची टाकी म्हणजे या जिवाणूंचं घर, एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सगळं सोपं जातं.

आता बांधणी. वही-पेन जवळ असेल तर आकडे लिहून घ्या.

आमच्या टाक्या तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. त्यात सव्वा फूट पाणी भरलं की एका टाकीत साधारण 159 लिटर होतं, सहा टाक्यांत 950 लिटरच्या थोडं वर. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो. म्हणजे नुसतं पाणीच साडेनऊशे किलो, वर काच आणि लोखंड वेगळं. म्हणून मांडणी शेणाने सारवलेल्या जमिनीवर उभी करू नका. खाली सिमेंटचा कोबा हवा, नाहीतर पायाखाली दगडी लादी. मांडणी लोखंडी अँगलची, पातळीत, आणि प्रत्येक टाकीखाली थर्माकोलची शीट. खालीवर दोन रांगा, प्रत्येक रांगेत तीन टाक्या, आणि सगळ्यांत खाली जमिनीवर गाळायची टाकी. ती सगळ्यांत खालीच हवी, कारण वरचं पाणी तिच्यात आपोआप उतरणार आहे. वर चढवायला तेवढा पंप लागतो.

खालची टाकी आम्ही चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दीड फूट उंच घेतली. काठोकाठ भरली तर तिच्यात सुमारे 340 लिटर मावतात. आम्ही मात्र 200 लिटरच ठेवतो. उरलेली 140 लिटरची जागा मुद्दाम रिकामी ठेवायची. का, ते आता ऐका.

वीज गेली की पंप थांबतो, पण वरच्या टाक्यांतलं पाणी लगेच थांबत नाही. बाहेर जायच्या नळीच्या तोंडाच्या वर जेवढं पाणी असेल तेवढं खाली येतंच. आपल्या मापाच्या एका टाकीत एक इंच पाणी म्हणजे साडेदहा लिटर. सहा टाक्यांचे झाले 64 लिटर, अधिक पाइपातलं पाणी. खालची टाकी काठापर्यंत भरलेली असेल तर हे सगळं घरभर पसरेल. कोकणात पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नाही, आणि ती रात्रीच जास्त जाते. म्हणून ही रिकामी जागा म्हणजे आपली खरी राखण. टाकी मोठी दिसते म्हणून कुणी तुम्हाला 'अजून भरा' म्हणालं तरी ऐकू नका.

काचेची टाकी परवडत नसेल तर प्लॅस्टिकची जाड टाकी किंवा पिंप चालतं. फक्त त्यात आधी कीटकनाशक, ॲसिड किंवा रंग ठेवलेला नसावा. भंगारवाला शपथ घेऊन सांगेल, तरी असं पिंप घेऊ नका.

आता पाणी बाहेर कसं जाईल ते पाहू. प्रत्येक टाकीला बाजूच्या काचेत वरच्या अंगाला एक भोक लागतं. हे काम काचेच्या दुकानात डायमंड बिटने करून घ्यायचं, आणि टाकी जोडण्याआधी, सुट्या काचेवर. टफन केलेल्या काचेला भोक पाडता येत नाही, तिचा क्षणात चुरा होतो. म्हणून काच साधीच आहे ना, हे आधी विचारून घ्या. भोकात एक इंची टँक कनेक्टर बसतो, पाण्याच्या सिंटेक्स टाकीला असतो तोच. तो बरोबर घेऊन जा, म्हणजे भोक त्याच मापाचं पडेल. कनेक्टरला आतून एक एल्बो लावायचा, तोंड वर करून. एल्बो थोडा वळवला की तोंड वर-खाली होतं आणि त्यावर टाकीतल्या पाण्याची पातळी ठरते. त्या तोंडावर नायलॉनची बारीक जाळी बांधायची. गप्पीची नवी पिल्लं भाताच्या दाण्याएवढीसुद्धा नसतात. जाळी नसेल तर सकाळी सगळी खालच्या टाकीत सापडतील. जाळी रोज बोटाने पुसायची, कारण ती तुंबली तर टाकी वरून वाहते.

सहाही टाक्यांचं पाणी एका जाड, अडीच इंची पीव्हीसी पाइपात पडतं आणि उताराने खालच्या टाकीत जातं. इथे एक गोष्ट महत्त्वाची आहे. पहिल्या टाकीचं पाणी दुसरीत, दुसरीचं तिसरीत, असं जोडू नका. तसं केलं की शेवटच्या टाकीतल्या माशांच्या वाट्याला सगळ्यांची घाण येते. प्रत्येक टाकीचं पाणी स्वतंत्रपणे मोठ्या पाइपात पडलं पाहिजे आणि प्रत्येकीला ताजं पाणी स्वतंत्र कॉकमधून मिळालं पाहिजे. सहा कॉक असले की कुठल्या टाकीला किती धार, हे आपल्या हातात राहतं. पिल्लांच्या टाकीला बारीक धार, मोठ्यांना जोराची.

वर पाणी नेणाऱ्या पाइपाची तोंडं पाण्यात बुडवू नका. गाडीच्या टाकीतून डिझेल काढताना नळी लावून एकदा तोंडाने ओढलं की पुढे ते आपोआप वाहत राहतं ना, तसंच इथे होतं. पंप थांबला की बुडलेलं तोंड टाकीतलं पाणी उलटं ओढायला लागतं आणि टाकी खाली होत जाते. तोंड पाण्याच्या वर ठेवलं की हवा शिरते आणि ओढ तुटते. आवाज नको म्हणून तोंड बुडवायचंच असेल, तर पाण्याच्या पातळीलगत पाइपाला एक छोटं भोक पाडा आणि ते शेवाळाने बुजत नाही ना, ते आठवड्याला पाहा. दुकानदार उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह दाखवेल. तो घाण अडकून उघडाच राहू शकतो. त्याच्या एकट्याच्या भरवशावर झोपू नका.

आता खालच्या टाकीच्या पोटात काय असतं ते सांगतो. तिचे तीन कप्पे करायचे. चार फुटांपैकी पहिला एक फूट घाण अडवायला, मधले दोन फूट जिवाणूंना, शेवटचा एक फूट पंपाला. मध्ये काचेच्या पट्ट्या उभ्या चिकटवायच्या, दहा इंच उंचीच्या. पहिल्या आणि मधल्या कप्प्याच्या मध्ये दोन पट्ट्या जवळजवळ लागतात. एकीवरून पाणी पलीकडे उतरतं, दुसरी तळापासून दोन इंच वर ठेवलेली असते, तिच्याखालून पाणी मधल्या कप्प्यात शिरतं. म्हणजे पाणी खालून वर सामानातून चढत जातं आणि प्रत्येक तुकड्याला लागतं. तिथून ते तिसऱ्या पट्टीवरून पंपाच्या कप्प्यात पडतं.

चिकटवायला सिलिकॉन वापरतो. मत्स्यालयाचं सिलिकॉनच मागा. न्हाणीघरासाठी मिळणाऱ्या सिलिकॉनमध्ये बुरशी मारायचं औषध असतं, ते माशांनाही मारतं. चिकटवल्यावर घाई करू नका. आठवडाभर वाळू द्या, मग साधं पाणी भरून गळती पाहा, ते फेकून द्या आणि मगच पुढचं काम.

पहिल्या कप्प्यात जाड स्पंज आणि त्यावर उशीत भरतात तशी पॉलिस्टरची लोकर. ही घाण अडवते. दर तीन-चार दिवसांनी ती काढून धुवायची.

मधल्या कप्प्यात जिवाणूंचं घर. दुकानात यासाठी महागडे चेंडू आणि चिनी मातीच्या नळ्या मिळतात. आम्ही पडक्या घराची मंगलोरी कौलं आणली, सुपारीएवढी फोडली, माती जाईपर्यंत धुतली आणि कांद्याच्या जाळीदार पिशव्यांत भरली. कौल भाजलेलं असतं, त्याला बारीक छिद्रं असतात आणि पाण्यात ते विरघळत नाही. बाटल्यांची झाकणं, प्लॅस्टिकचे काथे हेही चालतात. रंग दिलेली किंवा डांबर लागलेली कौलं मात्र नकोत. पिशव्यांखाली भोकं पाडलेल्या पाइपांचा चौरंग करा, म्हणजे गाळ तळाला बसतो आणि पिशव्या तुंबत नाहीत.

तिसऱ्या कप्प्यात पंप. पंप घेताना डब्यावर दोन आकडे वाचा, ताशी किती लिटर आणि किती उंचीपर्यंत. ताशी लिटरचा आकडा शून्य उंचीचा असतो. जेवढं उंच चढवाल तेवढं पाणी कमी पडतं. आपल्याला सहा फूट चढवायचं आहे आणि सगळं पाणी तासातून तीनदा फिरवायचं आहे, म्हणजे प्रत्यक्षात ताशी 2,900 लिटर. त्यासाठी डब्यावर साडेचार ते पाच हजार लिटर आणि निदान दहा फूट उंची लिहिलेला पंप घ्या.

या कप्प्याबद्दल आणखी एक. सहा टाक्यांतलं वाफ होऊन उडालेलं सगळं पाणी फक्त इथेच कमी झालेलं दिसतं. वर टाक्या भरलेल्याच दिसतात आणि इथे पंप उघडा पडत जातो. कप्पा लहान आहे, पाच लिटरला पातळी एक इंच उतरते. उन्हाळ्यात दोन दिवस दुर्लक्ष झालं की पंप हवा ओढायला लागतो आणि जळतो. म्हणून बाहेरून काचेवर रंगाने दोन रेघा ओढा. निळी रेघ पंप चालू असतानाची. रोज सकाळी कळशीने तिथपर्यंत पाणी घाला, तिच्यावर थेंबही नाही. लाल रेघ पंप बंद झाल्यावर पाणी जिथपर्यंत चढतं तिथली.

लाल रेघ कशी कळणार? तर मासे सोडण्याआधी परीक्षा घ्यायची. सगळं भरा, पंप चालू करा, एक तास फिरू द्या आणि मग मुद्दाम बटण बंद करा. पाणी खाली येईल, चढेल आणि थांबेल. थांबलं की तिथे लाल रेघ. काठापासून ती निदान तीन इंच खाली राहिली पाहिजे. पुन्हा चालू करा, पुन्हा बंद करा. तीनदा करा. एकदा गटातल्या सगळ्या जणी हजर असताना करा, म्हणजे रात्री वीज गेल्यावर कुणी घाबरणार नाही.

विजेचं ऐका, हे सगळ्यांत महत्त्वाचं. पाणी आणि वीज एका जागी आहेत आणि घरात मुलं आहेत. बोर्ड टाकीच्या वर आणि बाजूला असावा, खाली नको. पंपाची वायर बोर्डापर्यंत सरळ नेऊ नका, मध्ये तिला खाली झोळ द्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी टपकतं, प्लगमध्ये शिरत नाही. अर्थिंग तपासून घ्या. आणि वायरमनकडून 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. वीज कुठे गळायला लागली की तो क्षणात पुरवठा तोडतो. त्याचे पैसे वाचवू नका. पाण्यात हात घालायच्या आधी बटण बंद, हा नियम आम्ही भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिला आहे.

आता टाकी तयार झाली, मग मासे सोडायचे का? नाही. दुधात विरजण घातल्याशिवाय दही लागत नाही, तसंच हे. जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात. एखाद्या ओळखीच्या गटाकडून त्यांच्या चालू गाळणीतला स्पंज मिळाला, तर तो पहिल्या कप्प्यात ठेवा. ते आपलं विरजण, त्याने दिवस कमी होतात. फक्त त्यांचे मासे निरोगी आहेत ना, ते पाहून घ्या. रोज चिमूटभर खाद्य पाण्यात टाका, म्हणजे जिवाणूंना खायला मिळेल. मत्स्यालयाच्या दुकानात थेंब टाकून पाणी तपासायचा संच मिळतो. आधी अमोनिया वाढतो, मग तो उतरतो आणि नायट्राइट वाढतो, मग दोन्ही शून्यावर येतात. दोन्ही शून्य झाले की थोडे मासे सोडा, आणखी दोन आठवड्यांनी बाकीचे. व्यापारी घाई करील, बँकेचा हप्ताही डोक्यावर असेल. तरी हे आठवडे द्याच. कर्ज घेतानाच ही सवलतीची मुदत बँकेकडे मागून ठेवा.

जिवाणू जिवंत आहेत हे कधी विसरायचं नाही. नळाच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर असते, ती जंतू मारायलाच घातलेली असते. म्हणून असं पाणी एक दिवस उघड्या पिंपात, हवेची नळी सोडून ठेवायचं, मग वापरायचं. विहिरीत पावडर टाकली असेल त्या आठवड्यात तर नक्कीच. आणि कौलांच्या पिशव्या नळाखाली खसखसून धुवायच्या नाहीत. तीन-चार महिन्यांनी टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलक्या हाताने बुचकळायच्या, तेही एका वेळी अर्ध्याच.

वीज बराच वेळ गेली तर? माशांना आणि जिवाणूंना, दोघांनाही प्राणवायू लागतो. बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप घेऊन ठेवा. एक नळी मासे जास्त असलेल्या टाकीत, एक कौलांच्या कप्प्यात. त्या वेळी खाद्य अजिबात टाकू नका. मासे एक दिवस उपाशी सहज राहतात. काहीच नसेल तर दर अर्ध्या तासाने तांब्याने पाणी उचलून उंचावरून टाकीत सोडा. पावसाळ्यात आमच्या बायकांनी पाळ्या लावून रात्रभर हे केलेलं आहे.

आता या पद्धतीचा सगळ्यांत मोठा धोका. सहा टाक्यांचं पाणी एक, म्हणजे सहा टाक्यांचा आजारही एक. एका माशाच्या अंगावर मिठाचे दाणे चिकटल्यासारखे पांढरे ठिपके दिसले, तर तो रोग पाण्याबरोबर सगळीकडे पोचलेला असतो. म्हणून सातवी टाकी वेगळी ठेवा. तिचं पाणी, तिची गाळणी, तिची जाळी, सगळं स्वतंत्र. बाहेरून आणलेला प्रत्येक मासा दोन ते तीन आठवडे तिथेच राहील, मग तो फुकट मिळालेला असो की भावाने दिलेला असो. बाळंतीण माहेरी आली की आपण बाहेरच्या माणसाला थेट आत नेत नाही, तसंच समजा. आजारी माशाला औषध द्यायचं तेही तिथेच. जोडलेल्या पाण्यात औषध ओतलं तर रोगाबरोबर आपले कामाचे जिवाणूही मरू शकतात, आणि मग अमोनिया चढतो.

ज्या माशांना एकच पाणी मानवतं तेच एका जोडणीत ठेवा. गप्पी, मोली, प्लॅटी, स्वोर्डटेल यांना थोडं जड पाणी आवडतं, ते एकत्र चालतात. गोल्डफिश खूप घाण करतो आणि त्याला थंड पाणी लागतं, त्याला या जोडणीत घेऊ नका. आणि नको झालेले मासे ओढ्यात किंवा विहिरीत सोडू नका. टाकीतला सकर मासा आज उजनीसारख्या धरणात पसरला आहे आणि तिथल्या मच्छीमारांच्या जाळ्यात येऊन त्यांना त्रास देतो.

आता त्या 15 हंड्यांबद्दल. खालची टाकी अमोनिया आणि नायट्राइट घालवते, पण नायट्रेट साठतच जातं. ते काढायला थोडं पाणी बदलावंच लागतं. 'सम्प आहे, आता पाणी बदलायला नको' असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. वरचं 950 आणि खालचं 200 मिळून 1,150 लिटर होतात, त्याचा पाचवा भाग आम्ही आठवड्याला बदलतो. म्हणजे 230 लिटर, आपले 15 हंडे. काढलेलं पाणी परसात जातं. अळू, मिरची, कढीपत्ता त्यावर चांगला पोसतो. खालच्या टाकीत आम्ही मनी प्लँटच्या फांद्याही सोडल्या आहेत. मुळं पाण्यात, पानं बाहेर. तोही थोडं नायट्रेट ओढून घेतो. औषध घातलेल्या सातव्या टाकीचं पाणी मात्र भाजीला घालायचं नाही.

खर्चाचं बोलू. खालची टाकी, पाइप, कॉक, सहा भोकं, सिलिकॉन आणि पंप मिळून आम्हाला 9,000 रुपयांच्या आत पडले. वरच्या टाक्या आणि मांडणी आधीचीच होती. तुमच्या बाजारात भाव वेगळा असेल, दोन दुकानांत विचारा. आमचा पंप 85 वॉटचा आहे. दिवसरात्र चालला तर रोज दोन युनिट, महिन्याला 61 युनिट होतात. हे बिल जिच्या घरात टाक्या आहेत तिच्या माथी येतं. गटात कुरबूर सुरू होते ती अशा न बोललेल्या पैशांवरून. म्हणून पहिल्याच बैठकीत ठराव करा, स्वतंत्र सबमीटर बसवा आणि त्याचं बिल गटाच्या पैशातून भरा. तिच्या जागेचं भाडंही लिहून ठेवा, थोडं का असेना.

कामाच्या पाळ्या लावा आणि वही ठेवा. सकाळी पाहायचं ते एवढंच: निळी रेघ, सहा जाळ्या, सहा धारा, आणि मासे वर येऊन हवा घेत नाहीत ना. जिची पाळी तिने सही करायची. अक्षरओळख नसेल तर रेघ मारावी, पण वही भरावी. सहापैकी एक धार बारीक झाली हे वहीमुळे दुसऱ्या दिवशी लगेच कळतं.

शिकायचं कुठे, असं बऱ्याच जणी विचारतात. सिंधुदुर्गातल्या बायकांना कोकण कृषी विद्यापीठाचं मुळदे इथलं मत्स्य केंद्र जवळ आहे, तिथे शोभिवंत माशांचं काम चालतं. इतर जिल्ह्यांतल्या मैत्रिणींनी मत्स्यव्यवसाय खात्याच्या जिल्हा कार्यालयात जावं. 2020 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत परसातल्या शोभिवंत मासे केंद्राचा खर्च 3 लाख रुपये धरला होता आणि महिलांसाठी त्याच्या 60 टक्के अनुदान ठेवलं होतं. अर्ज सध्या घेतात का, कागद कोणते लागतात, हे कार्यालयातच विचारा. एकटीने जाऊ नका, तिघी-चौघी जा आणि गटाची वही बरोबर न्या.

आणि शेवटचं. हे काम प्लंबर आणि काचवाल्याशिवाय होणार नाही, पण त्यांच्यावर सोडूनही देऊ नका. भोक पाडताना, पाइप बसवताना शेजारी उभं राहा, विचारा, हात लावा. आमच्या गटातल्या दोघी आता स्वतः पीव्हीसीचा पाइप कापतात, सोल्यूशन लावतात, कॉक बदलतात. पावसाळ्यात कुठे सांधा सुटला तर आम्हाला कुणाच्या फोनची वाट पाहावी लागत नाही.

तुमच्या गटात टाक्या असतील तर आज संध्याकाळी त्यांची लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची फुटात मोजा. तिन्हींचा गुणाकार करा आणि त्याला 28 ने गुणा, म्हणजे लिटर कळतील. तेवढा एक आकडा घेऊन पुढच्या बैठकीला बसा, बाकीचा हिशेब त्यातूनच निघतो. काही अडलं तर केंद्रावर निरोप ठेवा, आम्ही पुढच्या वेळी उत्तर देऊ.